दोष कोणाचा? आधी नोंद बघा

वस्तीत बाळाला लस दिली आणि रात्री ताप चढला, की सकाळी बोल सुरू होतात. कोणी नर्सताईला दोष देते, कोणी लस बनवणाऱ्या शास्त्रज्ञाला, कोणी सरकारला. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत फिरताना आम्ही हे ऐकत आलो आहोत. म्हणून ही घडलेली गोष्ट.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी रुग्णांची सेवा करताना पुण्यात सावित्रीमाई फुले याच रोगाने गेल्या. सरकारने शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला बोलावले. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना ही लस दिली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दगावलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. सरकारी चौकशीने मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. हाफकिन यांचे पद गेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब मात्र मागे पडली. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले.

मग जाब विचारायचाच नाही का? १९ जीव गेले, जाब विचारायलाच हवा. पण ज्याचा त्याला. शास्त्रज्ञाने आपल्या कामाचा आणि सल्ल्याचा हिशेब द्यावा, सरकारने निर्णयाचा, टोचणाऱ्याने स्वच्छतेचा. आणि चिमटा धरणाऱ्या गरीब मदतनिसावर सगळे ढकलण्याआधी विचारावे, त्याला शिकवले होते कोणी?

असा जाब नोंदीवरच उभा राहतो. म्हणून लसीकरणाच्या दिवशी एवढे करा:

● कार्डावर लसीचे नाव व तारीख लिहून घ्या. बाटलीचा बॅच नंबर विचारून टिपून ठेवा.
● सिरिंज नवी, तुमच्यासमोर फोडलेली असावी.
● गोवर-रुबेलाची बाटली कधी उघडली ते विचारा. द्रावण मिसळल्यावर ती चार तासांतच वापरायची असते.
● लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.
● थोडा ताप येतो, घाबरू नका. झटके आले, श्वास अडला किंवा बाळ मलूल पडले तर ताबडतोब दवाखाना गाठा.
● तक्रार असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या.

नर्सताईला हे विचारण्यात भांडण नाही. आम्हीही त्याच कामातल्या. विचारणारी आई आम्हाला आवडते.