कठीण गीत व लहान गायकगण

वाचावे : प्रकटीकरण ११:१५, १९:६, १६.

नाताळाच्या सुमारास उमरेडकडील खेड्यांत धानाची कापणी व मळणी आटोपत असते. दिवसभर शेतात राबून आलेली आठ-दहा माणसे रात्री तालमीस बसतात. अशांकडून हँडेलचा ‘हालेलूया’ चार आवाजांत म्हणवून घेण्याचा हट्ट आम्ही एके वर्षी धरिला. मधले दोन आवाज कोणासच साधेनात; गीत अर्ध्यावर मोडले, आणि एक वृद्ध भगिनी पुन्हा तालमीस आली नाही. दोष तिचा नव्हे, आमचा होता.

हँडेलने ‘मसीहा’ १७४१ साली रचिला व १७४२ साली तो डब्लिन शहरी प्रथम गाइला गेला. तेथील गायक दोन मोठ्या मंदिरांतील शिकलेले होते. त्यांची बरोबरी आपण का करावी? तथापि गीत अजिबात सोडावे, हेही आम्हास मान्य नाही. सर्वसमर्थ देव राज्य करितो, ही घोषणा प्रथम येते तेव्हा हँडेल सर्वांस एकच चाल देतो! ती आपल्या मंडळीस दोन रात्रींत येईल.

खरी अडचण पुढे आहे. तो युगानुयुग राज्य करील, या शब्दांवर चार आवाज एकामागून एक शिरतात. तेथे चाल आधी पुरुषांनी, मग स्त्रियांनी म्हणावी. खर्जाची ओळ पेटीवर ठेवावी, कारण सारी इमारत तिच्यावर उभी आहे. बाकीचे खुशाल गाळावे. राजांचा राजा, येथे स्त्रियांनी एकच स्वर लांब धरावयाचा असतो, व तो पायरीपायरीने वर चढतो. त्या वृद्ध भगिनीस पहिली पायरी तरी सहज साधली असती.

मूळ षड्ज पांढरी दोनचा असून स्त्रियांस तार सप्तकाच्या मध्यमापर्यंत जावे लागते. म्हणून षड्ज खालच्या काळी पाचवर घ्यावा. इंग्रजी स्वरलिपीची भीती नको. इंग्लंडात जॉन कर्वेन या पाळकाने एकोणिसाव्या शतकात अक्षरांनी स्वर लिहिण्याची रीत पसरविली; तीत आपल्या सरगमाप्रमाणेच षड्ज हवा तेथे धरिता येतो. तेव्हा फळ्यावर सा-रे-ग-म लिहूनच शिकवावे.

शेवटच्या ‘हालेलूया’पूर्वी हँडेलने पूर्ण विराम ठेविला आहे. तेथे पेटीवाल्याने हात उचलावा. ढोलकीवाल्यास मात्र ही गोष्ट आधी दोनदा सांगून ठेवावी.