चिखलातले शिपाई : बिल मॉल्डिनच्या युद्धचित्रांविषयी

युद्धाचा इतिहास आपण वर्गात शिकतो तेव्हा तारखा येतात, सेनापतींची नावे येतात, तहाची कलमे येतात. 'दुसऱ्या महायुद्धाची कारणे व परिणाम लिहा' हा प्रश्न परीक्षेत हमखास असतो आणि आपण तो दहा मुद्द्यांत लिहून मोकळे होतो. पण त्या सहा वर्षांत शिपाई झोपत कुठे होता, खात काय होता, भिजलेले कपडे वाळवीत कुठे होता, हे मला कधी कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. तो प्रश्न मला एका अमेरिकन शिपायाने काढलेल्या चित्रांमुळे पडला. त्याचे नाव बिल मॉल्डिन. त्याची चित्रे आणि आमच्या घरातली एक जुनी सवय यांचा संबंध कसा लागला, ते प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न करते. मी इतिहासाची जाणकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि इंग्रजी पुस्तक वाचायचे तर अजून शब्दकोश शेजारी लागतो. तेव्हा चुका गुरुजनांनी पोटात घालाव्यात.

शिपाई आणि चित्रकार

विल्यम हेन्री मॉल्डिन याचा जन्म २९ ऑक्टोबर १९२१ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील माउंटन पार्क येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिकागोच्या एका कलाशाळेत त्याने थोडे शिक्षण घेतले आणि १९४० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो नॅशनल गार्डमध्ये भरती झाला. पुढे तो पंचेचाळिसाव्या डिव्हिजनमध्ये पायदळाचा शिपाई होता. या डिव्हिजनचे स्वतःचे वृत्तपत्र होते. त्यात तो चित्रे काढू लागला. जुलै १९४३ मध्ये ही डिव्हिजन सिसिली बेटावर उतरली, सप्टेंबरात इटलीच्या मुख्य भूमीवर गेली, आणि मॉल्डिन तिच्याबरोबर होता. त्याच हिवाळ्यात कासिनोच्या बाजूच्या डोंगरांत उखळी तोफेच्या गोळ्याचा तुकडा खांद्याला लागून तो जखमी झाला. १९४४ च्या आरंभी 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या सैनिकांच्या दैनिकाने त्याला आपल्याकडे घेतले. त्याला एक जीप मिळाली. ती घेऊन तो आघाडीवर जाई, शिपायांत बसे आणि परत येऊन चित्रे काढी. आठवड्याला साधारण सहा.

हे सांगण्याचे कारण असे की, मॉल्डिन हा बाहेरून आलेला बातमीदार नव्हता. खंदकात पाणी साचले की माणूस कसा बसतो, हे त्याने स्वतः बसून पाहिले होते.

विली आणि जो

त्याच्या चित्रांत दोन शिपाई पुन्हा पुन्हा येतात, विली आणि जो. दोघांच्या दाढ्या वाढलेल्या, खांदे पडलेले, डोळे झोपेने जड झालेले, अंगावरचे कपडे मळून आकार गेलेले. मॉल्डिन ब्रश आणि काळी शाई वापरी. त्याची रेषा जाड आहे. काळा रंग इतका की चित्र पाहताना कागद ओला असावा असे वाटते. शत्रूला ठार मारतानाचा पराक्रम त्यात जवळजवळ नाहीच. आहे ते वाट पाहणे, चालणे, पाऊस, थंड जेवण, आणि त्यातून निघणारा कोरडा विनोद.

एका चित्रात घोडदळातला जुना सार्जंट आपल्या मोडलेल्या जीपवर पिस्तूल रोखून उभा आहे आणि दुसऱ्या हाताने त्याने डोळे झाकले आहेत. जायबंदी घोड्याला जसे शेवटचे सोडवतात तसे तो जीपला सोडवतो आहे. या चित्राखाली एकही शब्द नाही. दुसऱ्या एका चित्राखाली वर्तमानपत्री थाटाची ओळ आहे. ताजेतवाने विजयी सैनिक थकल्याभागल्या कैद्यांना घेऊन येत आहेत, असा तिचा आशय. वर चित्रात मात्र पावसात सगळेच पाय ओढत चालले आहेत, आणि विजयी कोण नि कैदी कोण हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. याच चित्राला १९४५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेव्हा मॉल्डिन तेवीस वर्षांचा होता.

पण माझे लक्ष ज्या चित्राने धरून ठेवले ते वेगळेच आहे. आदल्या दिवशी जोने विलीचा जीव वाचवला आहे. विलीला त्याची परतफेड करायची आहे. म्हणून तो जोला काय देतो, तर आपल्याजवळचे शेवटचे कोरडे मोजे.

आमच्या सरांनी हे चित्र वर्गात दाखवले तेव्हा बरेच जण हसले. मीही हसले. घरी जाताना एस.टी.त मात्र मला आमच्या आबांची आठवण झाली.

आबांचे पाय

आबा म्हणजे माझे पणजोबा. मी त्यांना पाहिलेले नाही. माझ्या जन्माआधीच ते वारले. ते महायुद्धात इटलीला होते एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, हे कोणाला सांगता येत नाही. कागदपत्रांची पेटी वाळवीने खाल्ली. एक चांदणीच्या आकाराचे पदक तेवढे शिल्लक आहे. त्यावर 'इटली स्टार' असे इंग्रजीत आहे, हे मी दहावीत असताना प्रथम वाचून दाखवले. त्याची फीत केव्हाच हरवली. लहानपणी आम्ही ते पदक बाहुलीच्या लग्नात वापरले आहे.

आबांची एक गोष्ट मात्र गावभर प्रसिद्ध होती. रानातून आले की ते आधी पाय धूत, मग ओट्यावर बसून एका जुन्या फडक्याने बोटांच्या फटीसुद्धा कोरड्या करीत, तळवे चोळीत, आणि मगच भाकरीला बसत. पावसाळ्यात भात लावून आल्यावर पोरांचे पाय ओले दिसले की ओरडत. लोक हसत, 'शेतकऱ्याच्या गड्याला चिखलाचं भ्या!' म्हणत. घरातही ती म्हातारपणाची लहर मानली गेली.

त्या दिवशी घरी जाऊन मी आजोबांना विचारले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आबा लढाईचं कवाच काय बोललं न्हाईत. पायाचं तेवढं बोलायचं. म्हणायचं, पाय गेला की गडी गेला."

नंतर मी वाचले ते असे. पाय बराच काळ थंड पाण्यात, चिखलात आणि आवळलेल्या बुटात राहिले तर त्यांना रक्त पुरेसे पोचत नाही. बर्फ पडलेच पाहिजे असे नाही, नुसता ओला गारठा पुरतो. आधी पाय बधिर होतात, मग सुजतात, फोड येतात, मांस मरते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतल्या सैन्याला या रोगाने फार सतावले. त्यावर उपाय एकच होता. बूट काढणे, पाय पुसून चोळणे आणि कोरडे मोजे घालणे. म्हणजे आबा ओट्यावर बसून आयुष्यभर जे करीत होते तेच. विलीची भेट ही थट्टा नव्हती, तो खरोखरच जीवाच्या बदल्यात जीव होता, हे मला तेव्हा कळले.

पॅटनचा आक्षेप

मॉल्डिनची चित्रे सर्वांना आवडत होती असे नाही. जनरल जॉर्ज पॅटन यांना विली आणि जो यांचा गबाळेपणा मुळीच सहन होत नसे. असे शिपाई छापल्याने शिस्त बिघडते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या तिसऱ्या आर्मीत ते दैनिक बंद करण्याची भाषाही त्यांनी केली. शेवटी मार्च १९४५ मध्ये लक्झेंबर्ग येथे जनरल आणि सार्जंट यांची समोरासमोर भेट घडवून आणण्यात आली. सुमारे पाऊण तास मॉल्डिनने मुख्यतः ऐकून घेतले. पण त्यानंतरही त्याच्या शिपायांच्या दाढ्या होत्या तशाच राहिल्या. सरसेनापती आयसेनहॉवर यांचे धोरण सैनिकांच्या वृत्तपत्रात ढवळाढवळ करू नये असे होते, त्याचा त्याला आधार मिळाला.

पॅटन यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मला वाटत नाही. शिस्त नसेल तर सैन्य उरत नाही. परंतु जो शिपाई रात्रभर पाण्यात उभा आहे त्याला स्वतःचे चित्र गुळगुळीत दाढीचे दिसले, तर तो म्हणेल, हा मी नव्हे. मॉल्डिनच्या चित्रात त्याला आपली कोणीतरी दखल घेतली असे वाटले. याचा पुरावा पुढे मिळाला. २००२ मध्ये मॉल्डिन वृद्धापकाळी विस्मृतीच्या आजाराने कॅलिफोर्नियातील एका शुश्रूषागृहात होता. ते कळताच म्हाताऱ्या सैनिकांची हजारो पत्रे आली, कित्येक जण भेटून त्याच्या उशाशी बसून गेले. २२ जानेवारी २००३ रोजी तो वारला.

त्याच डोंगरांत आपले लोक

इटलीत त्या काळात भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन लढत होत्या, चौथी, आठवी आणि दहावी. साडेपाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक तिथे कामी आले. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सर्व जण मशीनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा ते एकटे धावून गेले, ठाणे घेतले आणि तिथेच धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर निरोप्याचे काम करणारे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून उचलून नेले व नंतर शत्रूची तीन मशीनगन ठाणी नष्ट केली. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील मोंतोने गावी जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले.

घाडगे, जाधव आणि मॉल्डिन हे तिघेही १९२१ सालचे. एकाच वयाची तीन मुले, एकाच देशातल्या पावसात. घाडगे आणि जाधव यांच्या आयुष्यातला एकेक दिवस सन्मानपत्रात नोंदलेला आहे, आणि तो नोंदण्यासारखाच होता. पण त्या दिवसाआधीचे शेकडो दिवस कुठे आहेत? ते काय खात होते, गावाकडे पत्र कोण लिहून देत होता, ओले मोजे कुठे वाळवीत होते? मी पाहिलेल्या मॉल्डिनच्या चित्रांत भारतीय शिपाई मला आढळला नाही. यात त्याचा दोष नाही. तो आपल्या लोकांसाठी काढीत होता. आपल्या शिपायांची पत्रे सेन्सॉरचे अधिकारी उघडून वाचीत आणि त्यांतील उतारे इंग्रजीत गोषवाऱ्यात घेत. ते गोषवारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचे बोलणे जे थोडे उरले ते परक्या भाषेत आणि परक्या गावी. आपल्याकडे पराक्रमाचा पोवाडा आहे, हुतात्म्याचा पुतळा आहे. ते असावेतच. पण जे परत आले, नांगर धरून गप्प राहिले, त्यांच्यासाठी आपल्याजवळ काहीच नाही.

आपण काय करू शकतो

मला चित्र काढता येत नाही. पण वही घेऊन बसता येते. महायुद्ध पाहिलेले आमच्या गावात आता कोणी नाही. १९७१ च्या युद्धातले एक तात्या मात्र आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. ते सवयीने छाती काढून बसले आणि गोळीबाराचे सांगू लागले. ते शाळेच्या सव्वीस जानेवारीला मी अनेकदा ऐकले होते. मी विचारले, "तात्या, तिथं तुम्ही जेवायचा काय आन् कसं?"

तात्या हसले. "ह्ये आजवर कुणीच इचारलं न्हाई गं," म्हणाले. मग राजस्थानच्या सीमेवरची वाळू चपातीत कशी करकरायची, चहाचा एक मगा तिघांत कसा फिरायचा, शेजारच्या गड्याला वाचता येत नसे म्हणून त्याच्या बायकोचे पत्र यांनीच वाचून दाखवावे लागे आणि वाचताना दोघेही कसे खाली बघत, असे दीड तास सांगत राहिले. माझी अकरा पाने भरली. निघताना त्यांनी विचारले, "परत कवा येशील?"

आपल्या कॉलेजात आसपासच्या कितीतरी गावांतून मुले-मुली येतात, आणि आपल्या भागात फौजी नसलेले गाव शोधावे लागेल. प्रत्येकाने सुट्टीत एका म्हाताऱ्या सैनिकाजवळ बसून असे दोन-चार प्रश्न विचारले आणि ते जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत उतरवून घेतले, तर इतिहास विभागात एक कपाट भरेल. त्यासाठी पैसा लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. मला फक्त एवढेच वाटते की हे लवकर करावे. आबांना पाय का पुसता म्हणून कोणी विचारले नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.