‘गच्छामि’ ते ‘गोज’ : इंग्रजी वर्तमानकाळाची उजळणी

प्रातःवंदनेच्या वेळी आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थी त्रिशरण ग्रहण करतो. त्या पठणात ‘गच्छामि’ हे क्रियापद नऊ वेळा येते. ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ हा त्याचा अर्थ. काळ वर्तमान, पुरुष प्रथम, वचन एक. व्याकरणाचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच आपले मूल वर्तमानकाळाचे एक रूप अचूक उच्चारू लागलेले असते. इंग्रजीच्या तासाला मात्र तेच मूल ‘ही गो’ की ‘ही गोज’ या प्रश्नापाशी अडखळते. पुढे नोकरीच्या अर्जात आणि मुलाखतीत हीच अडचण पुन्हा उभी राहते, आणि उमेदवाराची योग्यता पारखली जाण्याआधी त्याचे क्रियापद पारखले जाते. म्हणून या विषयाची थोडी शिस्तबद्ध उजळणी येथे केली आहे.

एकाच ठिकाणी उरलेला प्रत्यय

पालीत गच्छामि, गच्छसि, गच्छति आणि गच्छाम, गच्छथ, गच्छन्ति अशी पुरुष व वचनानुसार सहा रूपे होतात. मराठीत त्यांत लिंगाचीही भर पडते : तो जातो, ती जाते, ते जातात. जुन्या इंग्रजीतही असे निरनिराळे प्रत्यय होते. कालौघात ते झिजत गेले आणि तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स’ तेवढा उरला. म्हणून आय, यू, वुई, दे यांच्यापुढे ‘गो’, आणि ही, शी, इट यांच्यापुढे ‘गोज’. ‘बी’ या क्रियापदाची अ‍ॅम, इज, आर ही रूपे आणि ‘हॅव’चे ‘हॅज’ स्वतंत्रपणे लक्षात ठेवावीत. कॅन, मस्ट, मे यांसारख्या साहाय्यक क्रियापदांना हा प्रत्यय लागत नाही.

नियम एवढा लहान असूनही चूक का होते? त्याची दोन कारणे आपल्या मनातच आहेत.

पहिले कारण, नामाला ‘स’ लागला की अनेकवचन होते, हे मुलाने आधी शिकलेले असते. तेच तो क्रियापदाला लावतो आणि ‘द बॉईज प्लेज’ असे लिहितो. येथे एक खूण उपयोगी पडते. साध्या वाक्यात ‘स’ बहुधा एकाच जागी बसतो : ‘द बॉय प्लेज’ किंवा ‘द बॉईज प्ले’. प्रश्नार्थक व नकारार्थी वाक्यांतही हीच खूण चालते. तेथे ‘स’ क्रियापदाकडून ‘डू’कडे जातो आणि मूळ क्रियापद मोकळे होते : ‘डज शी गो?’, ‘ही डझन्ट गो’. ‘डज शी गोज?’ या वाक्यात एकच प्रत्यय दोनदा लागला आहे.

दुसरे कारण अधिक हृद्य आहे. ‘माझे वडील’ या विषयावरील निबंधात एका विद्यार्थ्याने ‘माय फादर वर्क इन द फील्ड’ असे लिहिले होते. ‘वर्क्स’ का लिहिले नाहीस, असे विचारताच तो म्हणाला, “सर, ‘वर्क्स’ म्हणजे ‘तो काम करतो’. वडिलांना ‘तो’ कसं म्हणायचं?” त्याच्या चुकीच्या मुळाशी आदर होता. मराठीत आपण बाबा येतात, भन्ते धम्मदेसना देतात, तथागत सांगतात असे आदरार्थी अनेकवचन वापरतो. इंग्रजी क्रियापदाला अशा आदराची ओळख नाही. ते केवळ संख्या मोजते. शेतमजूर असो वा राष्ट्रपती, एकटी व्यक्ती काम करीत असेल तर ‘वर्क्स’ हेच रूप येते. यावरून इंग्रजी बोलणाऱ्या समाजात समता नांदते असे मात्र समजू नये. हा व्याकरणाचा संकेत आहे. तरीही मुलाला निःशंकपणे सांगावे, की ‘माय फादर वर्क्स’ असे लिहिल्याने वडिलांचा मान तसूभरही कमी होत नाही.

रोजचे की आत्ताचे?

नित्याची सवय, सार्वकालिक सत्य आणि ठरलेले वेळापत्रक यांसाठी साधा वर्तमानकाळ येतो : ‘वुई मेडिटेट एव्हरी मॉर्निंग’, ‘द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स’. या क्षणी चालू असलेल्या क्रियेसाठी चालू वर्तमानकाळ येतो : ‘द चिल्ड्रेन आर मेडिटेटिंग नाऊ’. जाणणे, हवे असणे, आवडणे, मालकी असणे या अवस्था आहेत. त्या सहसा चालू रूपात येत नाहीत. ‘मला माहीत आहे’ यातील ‘आहे’ पाहून विद्यार्थी ‘आय अ‍ॅम नोइंग’ लिहितो. तेथे ‘आय नो’ हवे. तसेच ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐवजी ‘आय हॅव टू ब्रदर्स’ हवे.

साध्या वर्तमानकाळाचा आणखी एक उपयोग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. शब्द उच्चारताच कृती घडत असेल, तर इंग्रजी साधे रूप वापरते : आय प्रॉमिस, आय अ‍ॅग्री, आय रिझाइन. ‘गच्छामि’चे भाषांतर ‘आय गो’ असे करतात, कारण ते म्हणणे हेच शरण जाणे होय. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या संविधानाची उद्देशिका याचे थोर उदाहरण आहे. तिच्या इंग्रजी पाठात ‘वुई’ या कर्त्यापुढे अ‍ॅडॉप्ट, अ‍ॅनॅक्ट आणि गिव्ह ही क्रियापदे ‘डू’च्या जोडीने साध्या वर्तमानकाळात येतात. मराठी पाठाचा शेवट मात्र ‘अर्पण करत आहोत’ असा होतो. दोन्ही भाषा आपापल्या रीतीने बरोबर आहेत. मराठीवरून शब्दशः इंग्रजी करू पाहणारा ‘वुई आर गिव्हिंग’ लिहील आणि त्या घोषणेची ठाम धार बोथट होईल.

‘पासून’चा चकवा

अर्जांत सर्वाधिक आढळणारी चूक ‘पासून’ या शब्दाभोवती घडते. ‘मी २०१५ पासून नागपुरात राहत आहे’ हे मराठीत निर्दोष आहे. त्याचे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन नागपूर सिन्स २०१५’ हे रूपांतर मात्र सदोष आहे. भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत पोहोचलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला ‘हॅव’ लागते : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नागपूर सिन्स २०१५’. आरंभबिंदू सांगायचा असल्यास ‘सिन्स’, आणि कालावधी सांगायचा असल्यास ‘फॉर’ वापरावे : ‘फॉर टेन इयर्स’. मराठीत दोन्हींसाठी ‘पासून’ चालते, म्हणून गोंधळ होतो. उलटपक्षी, संपलेला काळ स्पष्ट सांगितला असेल तेथे ‘हॅव’ येत नाही. ‘आय हॅव पास्ड द एक्झामिनेशन इन २०१८’ हे चूक. ‘आय पास्ड द एक्झामिनेशन इन २०१८’ हे बरोबर.

पालकांसाठी तीन प्रश्न

“आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?” असे अनेक पालक संकोचाने म्हणतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की या पाठातील महत्त्वाचे प्रश्न मराठीतच आहेत. सुटीत मूल घरी आले आणि इंग्रजी लिहू लागले, की त्याला विचारावे : करणारा एकटा की अनेक? गोष्ट रोजची की आत्ताची? केव्हा तरी सुरू होऊन आजपर्यंत चालत आली आहे का? उत्तर मूल देईल, आणि ते देताना योग्य रूपाकडे स्वतःच वळेल. ज्या आईने शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, तीही हे विचारू शकते.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. धाकट्या भावंडांची चूक दिसली तर हसू नये. त्या चुकीमागे मराठीचा एखादा सुसंगत नियम किंवा वडिलांविषयीचा आदर असू शकतो. तो ओळखावा आणि मग इंग्रजीची रीत दाखवावी. निबंधातील त्या वाक्यात नंतर एका अक्षराची भर पडली : ‘माय फादर वर्क्स इन द फील्ड’. वडील तेच, शेतही तेच. वाक्य मात्र कोणत्याही मुलाखतीत मान वर करून वाचता येईल असे झाले.