दोन शस्त्रक्रियांमधले आठवडे



अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी प्रार्थना करताना आपल्या मनात बहुधा त्याचा श्वास असतो. पण श्वास स्थिरावतो, दूध पचू लागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकाएकी पोट फुगते. बाळ मलूल होते, हिरवी उलटी होते, शीमध्ये रक्त दिसते. या आजाराला डॉक्टर 'एनईसी' म्हणतात. आतड्याला सूज येते आणि त्याचा काही भाग मरू लागतो. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना याचा धोका सर्वांत जास्त.

एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीत हवा दिसली की निदान होते. मग दूध बंद करतात, नळीने पोट रिकामे ठेवतात, शिरेतून पोषण आणि औषधे देतात. बरीच बाळे एवढ्यावरच सावरतात. "लेकराला उपाशी ठेवलंय" असे घरच्यांना वाटते, म्हणून कारण त्यांना आधीच समजावून सांगायला हवे.

आतड्याला छिद्र पडले तर मात्र शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. फार नाजूक बाळाच्या पोटात जागेवरच भूल देऊन लहान नळी बसवता येते. टोरांटोच्या डॉक्टरांनी १९७७ साली ही पद्धत मांडली. दुसरा मार्ग म्हणजे पोट उघडून मेलेला भाग काढणे. एक किलोपर्यंतच्या बाळांवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात एनईसी असलेल्यांना आधी पोट उघडणे अधिक हिताचे ठरण्याची शक्यता दिसली. तरी निर्णय त्या बाळाची प्रकृती पाहूनच होतो. जितके निरोगी आतडे वाचवता येईल तितके वाचवतात, कारण फारच थोडे उरले तर पुढे अन्न अंगी लागत नाही.

सुजलेली टोके लगेच जोडणे बहुधा धोक्याचे असते. म्हणून आतड्याचे टोक पोटावर बाहेर काढतात. याला स्टोमा म्हणतात. शी तेथून पिशवीत येते. काही आठवड्यांनी, बाळाचे वजन वाढल्यावर, दुसरी शस्त्रक्रिया करून आतडे पुन्हा जोडतात. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेने उपचार संपत नाही, आणि माझ्या मते कुटुंबाची खरी कसोटी या मधल्या काळातच असते. पोटावरचा तो लालसर गोळा पाहून आई घाबरते. त्याला हात लागला तरी बाळाला दुखत नाही, हे कोणी सांगितले की तिचा हात पुढे येतो. गोळा काळपट दिसला, पिशवी वारंवार पाण्यासारखी भरू लागली किंवा लघवी कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. अशा बाळाच्या अंगातले पाणी आणि मीठ फार लवकर घटते.

गाव दूर असेल, बापाची मजुरी बुडत असेल, तर घरी परतण्याची घाई होते. गाडीभाडे, आईचे जेवण, रुग्णालयाजवळ राहण्याची सोय या गोष्टी इथे औषधाइतक्याच लागतात. (देणगी देताना हे खर्च सहसा कोणाला आठवत नाहीत!)

आईच्या दुधाने हा आजार पूर्णपणे टळतो असे नाही, पण पावडरच्या दुधाच्या तुलनेत धोका बराच कमी होतो. म्हणूनच मातृदुग्धपेढ्या महत्त्वाच्या. आशियातील पहिली पेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. बाळाचे दूध बंद असले तरी आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहावे. नाहीतर दूध आटते, आणि डॉक्टर पुन्हा थेंब-थेंब सुरू करायला सांगतात त्या दिवशी द्यायला काही उरत नाही.