काटा सांगत नाही ते

वणीत ट्रान्सपोर्टच्या धंद्यात केस पांढरे झाले. ट्रक मी स्वतः फारसा चालवलेला नाही. पण ट्रकबद्दल बोलत मात्र आयुष्यभर आलोय. तेव्हा हे बोल बहुतेक उसनेच आहेत, ड्रायव्हरांचे, हमालांचे, मिस्त्रींचे.

१. वजन किती यापेक्षा ते किती उंचावर बसलंय याला महत्त्व, हे मला कोळशाने नाही, कापसाने शिकवलं. आमच्या भागातल्या खाणींचा कोळसा जड खरा, पण हौद्यात तळाला बसतो. सुट्या कापसाचं उलटं. हलका, फुगीर, दोन्ही फाळक्यांच्या बाहेर पोट काढलेला आणि केबिनच्याही वर गेलेला. काट्यावर गाडी बिनतक्रार पास होते आणि पांढरकवड्याकडच्या वळणावर झुकते. हिशेब शाळकरी आहे: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं अर्धं घ्या आणि त्याला भरलेल्या गाडीच्या भारमध्याच्या उंचीने भागा. उत्तर जितकं लहान, तितकी गाडी लवकर कलंडणार. चाकांमधलं अंतर कंपनीने ठरवलेलं असतं, उंची हमाल ठरवतात. त्यात वेगाचा वर्ग येतो. ताशी ४० ऐवजी ६० ने वळण घेतलं तर बाहेर ढकलणारा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. हे कळल्यापासून मी हमालांशी जरा अदबीने बोलतो.

२. गाडीला आपल्या पाठीवरचं ओझं कळतं, हे ऐकून मी हसलो होतो. मग एका मिस्त्रीने पिकअपखाली झोपायला लावलं आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळची एक काडी दाखवली. माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबतात, चेसिस खाली येते, काडी हलते आणि तिला जोडलेला व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन शेपटी फिरते. ना कॉम्प्युटर, ना वायर. आता गंमत पाहा. जास्त माल नेता यावा म्हणून मालक जादा पाटा टाकतो. पाटे कमी दबतात. काडीला वाटतं, गाडी अर्धी रिकामी आहे, आणि ती मागचा ब्रेक राखून ठेवते. म्हणजे ज्या दिवशी ब्रेक सर्वांत जास्त लागणार, त्याच दिवशी तो अपुरा. मिस्त्री हे सांगत होता आणि शेजारच्या गाडीला जादा पाटा ठोकतही होता. गिऱ्हाइकाने सांगितलंय म्हणाला.

३. कायद्याला उंचीही कळते, पण दंडापुरती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. माल बाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर त्याचे वेगळे २० हजार.

४. तोल सांभाळणारी पहिली यंत्रणा आमच्याकडे धुरकरी, म्हणजे बैलबंडी हाकणारा, होती. बंडी दोन चाकांची. माल मागे जास्त झाला की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं मानेवर. म्हणून धुरकरी चढावर पुढे सरकून बसायचा, उतारावर मागे. स्वतःच सेन्सर आणि स्वतःच वजन. उमरखेडकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं तोंड चढावर उचललं जातं, तेही तेच दुखणं. फक्त तिथे पुढे सरकून काही उपयोग नाही.

५. मोटार आणि ट्रक वेगवेगळ्या तऱ्हेने तोल घालवतात, हे मला फार उशिरा कळलं. बॉशची स्थिरता राखणारी यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली. दोन वर्षांनी त्याच कंपनीची छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत उलटली आणि मग ती यंत्रणा त्या छोट्या गाडीलाही बसली. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरोखर कुठे चाललीय यात फरक दिसला की ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. मोटारीला हे पुरतं, कारण मोटार बहुधा आधी घसरते. भरलेला उंच ट्रक घसरायच्या आधीच कलंडतो. तिथे यंत्रणेला आधीच वेग काढून घ्यावा लागतो आणि त्यासाठी भार माहीत हवा. इंजिनाने किती जोर लावला आणि गाडीने किती वेग घेतला, यावरून तो काढता येतो. उंची मात्र सहसा अंदाजानेच धरलेली. म्हणजे पुन्हा कापूसच फसवणार: वजन थोडं, उंची फार. माझा एक जुना ड्रायव्हर फाटकातून बाहेर पडताच सांगायचा, ‘आज गाडी डोक्यात जड आहे, भाऊ.’ त्याला हे बुडाखालून कळायचं. मला काटापावती वाचूनही कळत नसे.

६. चालकाविना चालणारे डंपर मला आधी चमत्कार वाटले, मग जरा सोपे वाटले. चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत ते २००८ पासून धावतात. अशा मोठ्या डंपरांत सस्पेन्शनच्या सिलिंडरमधला दाब मोजून भार कळतो. पण रस्ता खाणीचा, माल एकच, भरणारं यंत्रही ठरलेलं. त्यांना कापसाच्या हंगामात आमच्या जिनिंगच्या दारात उभं करून पाहावंसं वाटतं.

७. निघताना होता तो भार वाटेत तसाच राहत नाही. कापूस हादऱ्यांनी बसतो, दोर ढिले पडतात, माल एका अंगाला जातो. म्हणून शहाणा ड्रायव्हर थोडं अंतर गेल्यावर उतरतो, दोरावर थाप मारतो, आवळतो. एका प्रदर्शनात स्वयंचलित ट्रकची माहिती देणाऱ्या तरुण प्रतिनिधीला मी विचारलं, तुमच्या गाडीतून दोर आवळायला कोण उतरणार? तो म्हणाला, काका, माल कंटेनरमध्ये असेल. म्हटलं, गठाणी असतील बाबा. शेतातून जिनिंगपर्यंतचा सुटा कापूस कंटेनरात कोंबणार कसा? त्याने माझं कार्ड मागून घेतलं.