साखर तपासा, बुरशीला थारा देऊ नका



पावसाळ्यात आपल्या रेवसच्या घरांत भिंतींना ओल धरते. पावावर, नीट न वाळलेल्या सुक्या मासळीवर बुरशी येते. या बुरशीचे बारीक कण हवेत, मातीत, शेणखतात आणि कुजलेल्या पाल्यातही असतात. आपण सगळ्याच ते रोज श्वासातून घेतो. बहुतेकींना काहीच होत नाही, कारण शरीर त्यांना मारून टाकतं. मग काहींनाच आजार का होतो?

२०२१ साल आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस आला. १५ जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण झाले, त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. बहुतेकांना मधुमेह होता. रक्तातली साखर वाढली की शरीराची पहारेदारी ढिली पडते आणि बुरशीला वाढायला जागा मिळते. कोरोनात दिलेल्या स्टेरॉईड औषधांनी साखर आणखी वाढली, प्रतिकारशक्तीही कमी झाली. कोरोना ओसरला, पण मधुमेह आपल्या घरात आहेच. म्हणून हा धोका संपलेला नाही.

हा आजार नाकातून सुरू होतो, मग डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकतो. कधी फुफ्फुसातही होतो. बुरशीने रक्तपुरवठा तुटतो, तिथला भाग मरून काळा पडतो, म्हणून नाव ‘काळी’. तो एकीकडून दुसरीला लागत नाही. रुग्णाला वेगळं टाकू नका.

ही लक्षणं ओळखा
- एकाच बाजूचं नाक बंद, काळा किंवा रक्ताळ शेंबूड
- गाल दुखणे, सुजणे किंवा बधिर होणे
- अचानक दात हलणे, टाळूवर काळा डाग
- डोळा सुजणे, एकाचे दोन दिसणे

मधुमेह असलेल्या बाईला यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे रोज बुडतो, हे खरं. पण इथे दोन दिवस थांबण्यात डोळा जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. वेळेत गेलं तर इंजेक्शन आणि शस्त्रक्रियेने उपचार होतात.

आणखी एक. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या काहींच्या फुफ्फुसात पोकळी राहते. तिथे वेगळी बुरशी वाढू शकते. औषधं पूर्ण झाल्यावरही खोकल्यातून रक्त आलं, तर ‘टीबीच परत आला’ असं आपणच ठरवू नका. डॉक्टरांना दाखवा, जुने कागद सोबत न्या.

गटात काय करायचं?
१. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने साखर तपासून घ्यावी. आशाताईंना विचारा, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.
२. दुकानातून मनाने स्टेरॉईडच्या गोळ्या आणू नका. डॉक्टरांनी दिलेली औषधं, दम्याचा पंपही, मनाने बंद करू नका. पंप घेतल्यावर चूळ भरा.
३. मधुमेह असलेल्या ताईने शेणखत उपसताना, ओली खोली झाडताना मास्क लावावा.
४. कुणाला तातडीने दवाखान्यात न्यायचं झालं, तर गटातून अंतर्गत कर्ज त्याच दिवशी कसं मिळेल, हे बैठकीत आधीच ठरवून ठरावात लिहा.

पुढच्या बैठकीत हजेरीनंतर एकच प्रश्न विचारा: कोणाकोणाची साखर तपासून झाली?

तुमची,
क्षेत्र समन्वयक