चांगल्या गिअरबॉक्सची चिरफाड

कॉव्हेंट्रीतल्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बायकोची वाट बघत होतो. शेजारच्या गाडीत पिशव्या ठेवणारे एक आजोबा थबकले, माझ्या बॉनेटकडे बघून त्यांनी काळजीनं विचारलं, "डिझेल का?"

माझी गाडी २००४ सालची निसान ३५०झेड. साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन, सहा गिअर, दोनच सीटा. शर्यतीच्या बैलाच्या मालकाला कोणी विचारावं, "दूध किती देतो?" तसं झालं मला. पण आजोबांचा कान चुकला नव्हता. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असली की खालून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड येत होती. क्लच दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे इथेच कबूल करतो. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या, म्हणजे हसायला जास्त येईल.

क्लच सोडलेला असताना न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. क्लच दाबला की तो थांबतो. म्हणजे आवाज त्या शाफ्टवर किंवा त्यानं फिरवलेल्या गिअरमध्ये आहे. इथपर्यंत माझा तर्क बरोबर होता. तिथून मी थेट उडी मारली: इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं. एका स्वतंत्र गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून उघडायला दिला. बेअरिंगं नवी, आता उघडलाच आहे तर सिंक्रो रिंगाही नव्या. बिल अकराशे पौंडांच्या वर गेलं. गाडी घेऊन निघालो, पहिल्याच लाल सिग्नलला थांबलो. खडखड जशीच्या तशी.

गॅरेजवाल्याचा यात दोष नाही. मी सांगितलं ते त्यानं केलं. काम घेताना त्यानं विचारलंही होतं, "फ्लायव्हील बदललंय का?" मी म्हणालो, "हो, पण त्याला तीन महिने झाले. आवाज आत्ता सुरू झालाय."

आवाज आत्ता सुरू झाला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी एकाच शनिवार-रविवारी मी गाडीत तीन बदल केले होते: मूळच्या निम्म्याहूनही हलकं अॅल्युमिनियमचं फ्लायव्हील, त्याबरोबर मधल्या स्प्रिंगा नसलेली 'रेसिंग' क्लच प्लेट, आणि गल्लीला जागवणारा एक्झॉस्ट. खडखड त्याच दिवशी जन्मली, पण एक्झॉस्टच्या गर्जनेखाली दबून राहिली. पुढे शेजाऱ्यांशी संबंध बिघडायला लागले म्हणून मी मूळ सायलेन्सर परत बसवला, आणि तीन महिन्यांचं बाळ पहिल्यांदा ऐकू आलं. मला वाटलं, आजार नवा आहे.

खरी उकल कोल्हापुरातून आली. माझ्या मामांची उद्यमनगरात ट्रकच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती करण्यात हयात गेली. त्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवला. फोनवर त्यांचे दोनच प्रश्न.

"क्लच दाबलास की जातोय?"

"जातो."

"आन् न्यूट्रलमध्येच थोडी रेस दिलीस की?"

मी हे कधी बघितलंच नव्हतं. फोन हातात धरूनच खाली गेलो. साडेसहाशे आरपीएमला खडखड, हजारच्या पुढे जवळपास शांतता.

"मग पेटी कशाला उघडलीस लेका? बेअरिंग गेलं की रडतंय ते, टाळ्या न्हाय वाजवत."

हा फरक मला वीस वर्षं पुस्तकं चाळून कळला नव्हता. खराब बेअरिंगचा आवाज अखंड असतो, घरघर किंवा बारीक शीळ. रेस वाढवली की तो चढतो आणि गाडी चालवताना, गिअरबॉक्सवर जोर आला की बहुधा आणखी स्पष्ट होतो. माझा आवाज तुटक होता, सुटे दात एकमेकांवर आपटल्याचा. चालवताना तो नव्हताच.

तो का येतो, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरी इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. ६५० आरपीएमला सेकंदाला साधारण ३२. प्रत्येक स्फोटाला क्रँक पुढे झेपावतो आणि पुढच्या स्फोटापर्यंत किंचित मंदावतो. आपल्याला वाटतं इंजिन सारखं फिरतंय. प्रत्यक्षात ते सेकंदाला बत्तीस वेळा ठेचकाळत असतं. आजच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्या असतात. न्यूट्रलमध्ये त्या फिरतात, पण त्यांच्यावर भार नसतो. दातांमध्ये तेलाच्या थरासाठी केसाएवढा प्ले ठेवावाच लागतो. भार असला की दात एका बाजूला दाबून बसतात. भार नसला की प्रत्येक ठेचेबरोबर तेवढ्या फटीत पुढे-मागे आपटतात. हीच खडखड.

मूळ फ्लायव्हील हे आपटणं अडवत होतं. या गाडीला कारखान्यातून 'ड्युअल मास' फ्लायव्हील येतं: दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. इंजिनाचे धक्के पहिल्या चकतीवर येतात, स्प्रिंगा ते पचवतात, गिअरबॉक्सपर्यंत बऱ्यापैकी गुळगुळीत फिरणं पोचतं. साध्या एकसंध फ्लायव्हीलच्या गाड्यांत हे काम बरंचसं क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा करतात. माझ्या गाडीत आता दोन्ही नव्हतं. मामांच्या भाषेत, "कंपनीला लोखंड फुकट मिळतंय म्हणून घातलंय व्हय ते?"

बदल्यात मिळालं ते खोटं नव्हतं. अॅक्सिलरेटरला पाय लागताच इंजिन उसळायचं, गिअर उतरवताना रेस जुळवणं मजेचं झालं होतं. पण ज्या गाडीचा निम्मा जन्म सिग्नलला उभं राहण्यात जातो, तिच्यासाठी तो सौदा नव्हता.

तेव्हा तुमच्या गाडीत असा आवाज आला तर गॅरेजला फोन करण्याआधी कागद घ्या. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, दार उघडं. गार इंजिनावर ऐका आणि वीसेक मिनिटं चालवून आल्यावर पुन्हा ऐका. तेल तापून पातळ झालं की दातांची खडखड वाढते. मग क्लच सावकाश दाबा. आवाज दाबल्यावर सुरू होत असेल तर प्रकरण वेगळंच आहे, रिलीज बेअरिंगकडे बघा. दाबल्यावर जात असेल तर क्लच सोडून रेस हळूहळू हजार-बाराशेपर्यंत न्या आणि आवाज विरतो की चढतो ते लिहा. एसी चालू-बंद करा. आयडलिंग जरा हललं की खडखडीचा पोतही बदलतो. शेवटी चालवून बघा. या सगळ्याला एक पैसा लागत नाही. मला अकराशे पौंडांनंतर सुचलं.

तरीही बेअरिंगचा संशय उरला तर उघडण्याआधी तेल काढून बघा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असणं स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा पत्र्यासारखे तुकडे निघाले तर मात्र गाडी उभी करा. गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही; स्टँड लावा.

तेलावरून आठवलं. मधल्या काळात मी आणखी एक शहाणपणा केला होता: आवाज दबावा म्हणून नेमून दिलेल्यापेक्षा जाड गिअर ऑइल भरलं. खडखड खरंच कमी झाली. जानेवारीतल्या एका सकाळी मात्र दुसरा गिअर पडेना. पाच मैल पहिल्यावरून थेट तिसऱ्यात टाकत ऑफिस गाठलं. तेलाची जातही मनानं बदलू नका. डिफरन्शिअलसाठीचं जीएल-५ 'जास्त चांगलं' म्हणून जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतणारे बरेच असतात. सिंक्रोला ते मानवेलच असं नाही.

आता सध्याची स्थिती. स्प्रिंगवाली क्लच प्लेट बसवली, तेल मॅन्युअलमध्ये दिलेलं भरलं, आणि ट्यूनरकडून आयडलिंग ६५० वरून ८५० वर नेलं. स्फोटांमधलं अंतर कमी झालं, ठेचा बारीक झाल्या. खडखड गेलेली नाही, पण आता ती शोधावी लागते. विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवला आहे. इथे तो लपवला तर अपघातानंतर दावा अडकू शकतो, आणि त्यापुढे अकराशे पौंड म्हणजे चिल्लर.

एक गोष्ट मात्र सुदैवानं बरोबर केली होती. मूळ फ्लायव्हील भंगारात दिलं नाही. ते मागच्या शेडमध्ये, गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. परत बसवायचं तर आधी त्याच्या दोन चकत्यांमधला प्ले मोजून घ्यावा लागेल, कारण आतल्या स्प्रिंगाही झिजतात. आणि बसवण्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागेल. ही बातमी बायकोला अजून दिलेली नाही.

गॅरेजवाल्यानं जुनी बेअरिंगं पिशवीत घालून परत दिली होती. त्यातलं एक ऑफिसच्या टेबलावर असतं. बोटानं फिरवलं की कितीतरी वेळ फिरत राहतं, जरासुद्धा आवाज न करता.